यरुशलेमांतील श्रावण

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलांच्या ज्या हकीकती आपल्या कानीं येतात त्या बहुधा पदवी हातीं आल्यानंतरच्या असतात. मधल्या दिवसांत तीं मुलें काय खातात, कोणाशीं बोलतात, भाषा येत नसतां दुकानांत मीठ कसें मागतात, हें सहसा कोणी सांगत नाहीं. घरच्यांना घोर नको म्हणून मुलें सांगत नाहींत, आणि चारचौघांत कमीपणा नको म्हणून घरचीं माणसें विचारीत नाहींत. इ.स. २०१८ च्या श्रावणांत असे मधले दिवस प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस आला, त्याची ही हकीकत.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या, जिला घरांतील लहानथोर सर्व ‘ताई’ म्हणतात, लहानपणीं आमच्यापाशीं रूपावलि आणि अमरकोश शिकली. पुढें तिनें पुण्यास भाषाशास्त्राची पदवी घेतली आणि सेमिटिक भाषांचा अभ्यास करावयाचा म्हणून यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठांत जाण्याचें मनांत घेतलें. घरांत बैठक बसली. आमच्या मातोश्री विरुद्ध होत्या, बंधु तटस्थ, आणि अनुकूल असे आम्ही एकटे. ‘जिला पाणिनीचे धातु समजले तिला हिब्रू काय कठीण!’ असें आम्हीं मोठ्या तोऱ्यानें सांगितलें व त्या एका वाक्यावर मुलीची रवानगी झाली. ही गोष्ट इ.स. २०१७ च्या ऑक्टोबरांतली. पहिले दोन महिने रोज दूरध्वनि येई, त्यावरील चित्रांत ताई हंसतांना दिसे. नंतर दूरध्वनि आठवड्यावर गेला, बोलणें आखूड झालें. जुलैच्या अखेरीस तिनें आपल्या आईस सांगितलें, ‘मला नाहीं जमत, मी परत येतें.’ पुढील वर्गांत बसण्यास हिब्रूची एक परीक्षा उतरावी लागते, ती तिला साधली नव्हती. सप्टेंबरांत आणखी एक संधि होती, पण तिला ती नको होती.

मातोश्री आमच्याकडे वळून एवढेंच म्हणाल्या, ‘तूं पाठविलीस. तूंच घेऊन ये.’

ऑगस्टच्या आरंभीं आम्ही विमानानें लोद गांवाजवळील विमानतळावर उतरलों. तेथून यरुशलेमास जावयास दहा उतारूंची सामायिक मोटार मिळते. तिला ‘शेरूत’ म्हणतात. शेरूत म्हणजे सेवा. याच शब्दाचें अनेकवचन ‘शेरूतीम’ केलें कीं त्याचा अर्थ शौचकूप होतो. पहिल्याच दिवशीं आम्हीं एका सभ्य गृहस्थास अनेकवचनीं शेरूत विचारली आणि त्यानें मोठ्या आदरानें आम्हांस भलत्याच दाराशीं नेऊन सोडलें. हिब्रूचा पहिला पाठ आम्हांस असा मिळाला.

यरुशलेम समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंचीवर आहे. ऑगस्टांत तेथें पावसाचा थेंब पडत नाहीं. मे महिन्यापासून ऑक्टोबरापर्यंत आकाश कोरडें असतें. श्रावण आणि कोरडें आकाश ही जोडी आमच्या डोळ्यांस कांहीं केल्या मानवेना. विद्यापीठ स्कोपस नांवाच्या डोंगरावर आहे. त्याच्या पूर्वेच्या बाजूस उभें राहिलें म्हणजे खालीं यहूदाचें पिवळें वाळवंट उतरत गेलेलें दिसतें, आणि हवा स्वच्छ असली तर मृतसमुद्राची फिकट रेघही दिसते. या विद्यापीठाच्या पायाचे दगड इ.स. १९१८ मध्यें बसले व १ एप्रिल १९२५ रोजीं त्याचा उद्घाटनसमारंभ झाला. त्यापूर्वीं इ.स. १९२३ मध्यें आइन्स्टाइन यांनीं याच डोंगरावर व्याख्यान दिलें. आरंभ त्यांनीं हिब्रूंत केला आणि पुढील व्याख्यान फ्रेंचमध्यें दिलें, कारण ती भाषा त्यांस येत नव्हती. ही गोष्ट आम्हीं ताईला सांगितली. ती म्हणाली, ‘काका, आइन्स्टाइनला परीक्षा नव्हती.’

ती विद्यार्थिगृहांत राहत होती. आम्हीं जवळच्या फ्रेंच हिल नांवाच्या वसाहतींत एका वृद्ध बाईंकडे खोली घेतली. ही वसाहत १९६७ च्या युद्धांत इस्रायलनें घेतलेल्या भूमीवर बांधलेली आहे, आणि खालच्या अंगास इसाविया हें अरबांचें गांव आहे. पहांटे तेथील मशिदीची बांग आमच्या खिडकीशीं येई. एकाच डोंगरावर राहणाऱ्या या दोन वस्त्यांत जें अंतर आहे तें पांच-सहा आठवड्यांच्या पाहुण्यानें मोजूं नये. पण तें नाहीं असेंही पाहुण्यानें म्हणूं नये. पुढें ७ ऑक्टोबर २०२३ पासून त्या भूमीवर आणि गाझांत जो संहार झाला तो वाचकांस ठाऊक आहेच. आम्ही लिहितों तें त्याच्या पांच वर्षें आधींचें आहे. ताई त्यापूर्वींच शिक्षण संपवून परत आली होती.

तिचा दिवस असा असे. सहाला उठणें; सामायिक स्वयंपाकघरांत चहा आणि एक पोळी, म्हणजे तेथील ‘पीता’. साडेआठ ते सवाएक वर्ग. आठवडा रविवारीं सुरू होतो. वारांना ग्रहांचीं नांवें नाहींत. रविवार ‘पहिला दिवस’, सोमवार ‘दुसरा दिवस’, असे सहा मोजून सातवा तेवढा ‘शब्बात’. आमचा श्रावणी सोमवार तेथें ‘योम शेनी’ झाला. दुपारीं मसुरांची जिरें घातलेली आमटी व भात, कीं पुन्हां तीन-चार तास गृहपाठ. संध्याकाळीं कपडे धुणें, सामान आणणें. सामानासाठीं शुक्रवारीं दुपारीं आगगाडीसारख्या ट्रामनें महने येहूदा नांवाच्या बाजारांत जावयाचें, कारण शब्बात लागण्यापूर्वीं भाजीवाले भाव उतरवितात. ट्रामचें भाडें तेव्हां ५ शेकेल ९० अगोरोत होतें. शेकेल त्या वेळीं आपल्या सुमारें १९ रुपयांचा होता. या हिशेबानें ताई कित्येकदां डोंगर पायींच चढून येई, असें आम्हांस मागाहून कळलें. घरीं मात्र तिनें ‘ट्राम फार सोयीची आहे’ असें कळविलेलें होतें.

खाण्याचे हाल होतील ही मातोश्रींची मोठी भीति होती. ती तेवढी खोटी ठरली. धार्मिक यहुद्याचें स्वयंपाकघर पाहून आमच्या घरच्या बायकांना परकें वाटणार नाहीं. मांस आणि दूध यांचा स्पर्श एकमेकांस होतां कामा नये, म्हणून भांडीं निराळीं, मोऱ्या निराळ्या, पुसावयाचीं फडकींसुद्धां निराळीं. चुकून दुधाचा चमचा मांसाच्या भांड्यांत पडला तर पुढें काय करावें याचा खल शास्त्री लोक करतात. आमचें सोंवळें-ओंवळें असेंच, फक्त सीमारेषा निराळी. आम्ही मांस खात नाहीं असें कळतांच घरमालकीण बाईंनीं सुटकेचा श्वास टाकला व ‘तुम्ही दुधाच्या बाजूचे’ असें ठरवून अर्धें स्वयंपाकघर आमच्या हवालीं केलें. अंजीर, द्राक्षें, खजूर आणि दूध यांवर आमचे चारही सोमवार उत्तम निभावले.

या बाई मूळच्या बगदादच्या. इ.स. १९५० ते १९५२ या काळांत इराकांतील सव्वा लाखाच्या आसपास यहुदी विमानांनीं इस्रायलांत आणले गेले, त्यांत त्या आठ वर्षांच्या असतां आल्या. पहिल्याच दुपारीं त्यांनीं भाताशेजारीं एक पिवळें लोणचें वाढलें. हळद, मेथी आणि कैरी! नांव विचारलें तर म्हणाल्या, ‘अंबा’. बगदादच्या यहुदी व्यापाऱ्यांची मुंबईशीं मोठी ये-जा होती, त्या वाटेनें हें लोणचें आणि त्याबरोबर आपला शब्द बगदादला गेला आणि तेथून यरुशलेमास आला. हा शब्द आमचा आहे हें ताईकरवीं सांगतांच बाई म्हणाल्या, ‘शब्द तुमचा असेल. लोणचें माझ्या आईचें आहे.’

आतां भाषेविषयीं. ताईचा वर्ग चालू असतां आम्ही बाकावर बसून मुळाक्षरें गिरवीत होतों. मराठी माणसानें हिब्रू शिकण्याची परंपरा नवी नाहीं. इ.स. १८३२ मध्यें जॉन विल्सन यांनीं कोंकणांतील बेने इस्राएल लोकांसाठीं हिब्रू व्याकरणाचीं मूलतत्त्वें मराठींतून छापलीं. आणि जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) या मुंबईच्या हेडमास्तरांनीं यहुदी प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले. एका मास्तरानें केलें तें दुसऱ्यानें निदान गिरवून पाहावें, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा होती.

अक्षरें बावीस, त्यांपैकीं पांच शब्दाच्या शेवटीं रूप बदलतात. लिहावयाचें उजवीकडून डावीकडे. स्वर लिहीत नाहींत. अक्षरांच्या खालीं-वर देण्याचीं टिंबें आणि रेघा आहेत खऱ्या, तिबेरिया गांवच्या पंडितांनीं त्यांची पद्धति बसविली. पण त्या पोथींत, कवितेंत आणि मुलांच्या पुस्तकांत. वर्तमानपत्रांत आणि दुकानाच्या पाटीवर नुसतीं व्यंजनें. ज्यांनीं मोडी वाचली आहे त्यांस हा प्रकार लगेच समजेल: शब्द आधीं ठाऊक असेल तरच तो वाचतां येतो. आम्हांस एके दिवशीं पाटीवर स, प, र हीं तीन अक्षरें लागलीं. तीं आम्हीं ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक अशीं वाचलीं आणि मोठ्या आशेनें आंत शिरलों. आंत न्हावी! त्याच तीन अक्षरांचा ‘सपार’ असा उच्चार केला कीं न्हावी होतो. इतकें झाल्यावर मागें फिरणें प्रशस्त वाटेना. आम्हीं हजामत करून घेतली. तिचे किती पैसे पडले तें मातोश्रींस अद्याप सांगितलेलें नाहीं.

अक्षरें अंकही दाखवितात. पहिलें अक्षर आलेफ म्हणजे एक, दहावें योद म्हणजे दहा, शेवटचें ताव म्हणजे चारशें. आपल्या कटपयादीची आठवण व्हावी. पंधरा लिहितांना मात्र दहा आणि पांच असें न लिहितां नऊ आणि सहा असें लिहितात, कारण दहा-पांच या अक्षरांनीं देवाचें नांव होतें व तें हिशेबांत वापरावयाचें नाहीं. हा संकोच आम्हांस फार आवडला.

व्याकरणाचा गाभा तीन व्यंजनांचा धातु. क-त-ब यांतून ‘कातव’ त्यानें लिहिलें, ‘मिख्ताव’ पत्र, ‘क्तोवेत’ पत्ता. धातूवर सात तऱ्हांचे साचे चढतात. त्यांस ‘बिन्यान’ म्हणजे इमारत असें नांव आहे. ल-म-द हा धातु एका इमारतींत ‘शिकला’, दुसरींत ‘शिकविलें’. अधीते आणि अध्यापयति! शिष्य ‘तल्मीद’, आणि तल्मूद हा ग्रंथही याच धातूचा. चाळीस वर्षें खडू धरलेल्या माणसास शिकणें आणि शिकविणें एकाच मुळाचें आहे हें नव्यानें सांगावयास नको, तरी त्या संध्याकाळीं आम्ही तें पान पुन्हां पुन्हां पाहत बसलों. मराठी माणसास कांहीं गोष्टी तर इंग्रजाहून सोप्या जातात. ‘मी लिहितो, मी लिहितें’ हा भेद तेथेंही क्रियापदांत आहे: ‘अनी कोतेव, अनी कोतेवेत’. ‘त्सादी’ नांवाच्या अक्षराचा उच्चार इंग्रज मुलांना जड जातो. आमच्या ‘चूल’ शब्दांतला च तोच. आदरार्थी बहुवचन मात्र मुळींच नाहीं. गुरूलाही ‘आता’ म्हणजे ‘तूं’, आणि हांक नुसत्या नांवानें. विशींतला मुलगा आपल्या अध्यापिकेस ‘अग’ म्हणावें तसा बोलतो हें पाहून आम्हांस घाम फुटला. अध्यापिकेस फुटला नाहीं.

हीच भाषा सुमारें सतराशें वर्षें कोणाच्या घरांत चुलीपाशीं बोलली जात नव्हती. प्रार्थना, पत्रव्यवहार, शास्त्रार्थ यांत ती जिवंत होती, जशी आमच्या पाठशाळेंत संस्कृत. एलीएझेर बेन-येहूदा हा गृहस्थ इ.स. १८८१ मध्यें यरुशलेमास आला, आणि त्यानें घरांत हिब्रूखेरीज दुसरा शब्द उच्चारावयाचा नाहीं असा नेम केला. पुढच्या वर्षीं मुलगा झाला, त्याच्या कानावर दुसरी भाषा पडूं नये म्हणून त्याला इतर मुलांत मिसळूं देत नसत. तें पोर बराच काळ बोलेना, असें सांगतात. बाहुलीला शब्द नव्हता, वर्तमानपत्राला नव्हता, शब्दकोशालाही नव्हता. ते त्यानें घडविले. ‘मिलोन’ म्हणजे कोश हा शब्द त्याचा. स्वतःचा कोश पुरा होण्यापूर्वींच इ.स. १९२२ मध्यें तो वारला. सतरावा भाग निघावयास पुढें छत्तीस-सदतीस वर्षें लागलीं. आमच्याकडे शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करविला आणि सावरकरांनीं महापौर, दिनांक असे शब्द दिले. पण आमची भाषा घरोघर बोलली जात होतीच. त्याला घर आणि भाषा दोन्ही एकदम उभीं करावयाचीं होतीं. त्याच्या पहिल्या पत्नीचे त्या घरांत काय हाल झाले असतील, हा प्रश्न मात्र आमच्या मनांतून जात नाहीं. ती इ.स. १८९१ मध्यें वारली.

असो. आम्ही आलों होतों मुलीला न्यावयास. ऑगस्टच्या मध्यावर तिच्या अध्यापिकेची परवानगी काढून आम्ही एक दिवस वर्गांत मागच्या बाकावर बसलों. जर्मनीचीं, कोरियाचीं, अमेरिकेचीं मुलें होतीं, पूर्व यरुशलेमांतील दोन अरब मुली होत्या. लेखी उजळणी झाली, तींत ताईचा कागद निर्दोष होता. मग बोलणें सुरू झालें. ‘शब्बातच्या दिवशीं काय केलेंस?’ असा साधा प्रश्न फिरत होता. कोरियाचा मुलगा तीन चुका करून हंसत हंसत बोलून गेला. अमेरिकेच्या मुलीनें तर क्रियापदाचें लिंगच बदललें. ताईची पाळी आली. तिचे ओंठ हलत होते. मनांत ती वाक्य जुळवीत होती, धातु, इमारत, काळ, लिंग, वचन. वाक्य जुळून झालें असेल नसेल तोंच अध्यापिकेनें मायेनें मान हलविली आणि प्रश्न पुढच्या मुलाकडे गेला. ताईनें वहींत पाहिलें. मागच्या बाकावरून आम्हांस तिचा कान तेवढा दिसत होता. तो लाल झाला होता.

वर्षभर हें असेंच चाललें होतें. मराठी वक्तृत्वस्पर्धेंत बक्षिसें आणणारी मुलगी दहा महिने मुकी होऊन राहिली होती.

परततांना वाटेंत आम्हीं विचारलें, ‘अग, चुकलें तर चुकूं द्यावें. बोलत कां नाहींस?’

ती चालतां चालतां थांबली. ‘काका, तुम्हींच सांगत होतां ना? चुकलेलें रूप तोंडावाटे काढूं नये. त्यापेक्षां मुकाट उभें राहावें. मी आठ वर्षांची होतें. ‘रामेन’ म्हणालें म्हणून तुम्हीं मला तुळशीपाशीं उभें केलें होतें.’

‘रामेण’ पाहिजे. णकाराचा तो नियम आम्हांस आजही प्राणाइतका प्रिय आहे. पण त्या डोंगरावर आम्हांस कांहीं उत्तर सुचलें नाहीं. मुलीच्या अपयशाला हिब्रू कारण नव्हती, परदेश नव्हता. आमच्या ओसरीवरची शिस्त होती. त्या रात्रीं बराच वेळ झोंप लागली नाहीं. मातोश्रींस काय सांगावें, हा विचार त्याहून पुढचा.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं एक केलें. बाजारांत तिच्याबरोबर जाऊन, तिला बोलूं न देतां, आम्हीच बोलूं लागलों. ‘अनी रोत्सा मेलाख,’ असें आम्हीं वाण्याला ठणकावून सांगितलें. म्हणजे ‘मला मीठ हवें’. वाणी पोट धरधरून हंसूं लागला. प्रकार असा कीं पुरुषानें ‘रोत्से’ म्हणावयाचें असतें, ‘रोत्सा’ स्त्रियांनीं. लिहितांना दोन्ही अगदीं एक दिसतात, आणि आमची सर्व हिब्रू ताईच्या तोंडून शिकलेली! भर बाजारांत पांढऱ्या मिशीचा मास्तर ‘मी मीठ इच्छितें’ म्हणत उभा होता. मीठ मिळालें, वाण्यानें वर एक लिंबू दिलें. पण मुख्य गोष्ट अशी कीं ताई हंसली. मुंबई सोडल्यापासून इतकी हंसली नव्हती, असें तीच म्हणाली.

घरमालकीण बाईंस ही हकीकत सांगितली. त्या हंसल्या नाहींत. त्यांचे वडील बगदादला एका पेढीवर कारकून होते. अरबी व फ्रेंच उत्तम लिहीत. येथें येऊन तंबूंत राहावें लागलें. मुलें दोन महिन्यांत हिब्रू बोलूं लागलीं, आई बाजारांत चुकत-माकत बोलूं लागली, पण वडिलांना चुकीचें बोलणें कमीपणाचें वाटे. मुलांनीं दुरुस्ती केली कीं त्यांचा चेहरा पडे. मग ते गप्प बसूं लागले. ‘पंधरा वर्षें जगले,’ बाई म्हणाल्या, ‘आणि या देशांत त्यांचा आवाज कोणी ऐकला नाहीं.’ मग ताईकडे पाहून त्यांनीं फर्मान काढलें कीं रोज संध्याकाळीं इकडे यावयाचें आणि अर्धा तास माझ्याशीं बोलावयाचें. मी दुरुस्त करणार नाहीं.

पहिले कांहीं दिवस विशेष प्रगति नव्हती. ताई दर वाक्याला दूरध्वनीवरील कोश उघडी. मग २४ ऑगस्टचा शुक्रवार आला. सूर्यास्ताच्या सुमारास शहरांत भोंगा वाजतो, ट्राम बंद, बस बंद, रस्ते सुने. बाईंनीं दिवे लावून डोळ्यांवर हात धरले व प्रार्थना म्हटली. त्यानंतर दुसऱ्या दिवशींच्या रात्रीपर्यंत त्या घरांत विजेचें बटण दाबावयाचें नाहीं, लिहावयाचें नाहीं, दूरध्वनि हातीं घ्यावयाचा नाहीं. परक्यालाही ‘दिवा लाव’ असें सांगावयाचें नाहीं. ‘स्वयंपाकघरांत किती अंधार आहे!’ असें नुसतें म्हणावयाचें. आम्ही समजून उठत असूं. ताईनें आपला दूरध्वनि शिष्टाचार म्हणून बाहेर ठेवला. कोश गेला.

जेवतांना बाईंनीं विचारलें, ‘तुमच्या देशांत आज काय असतें?’ आम्हीं म्हटलें, श्रावणांतला शुक्रवार. घरीं कहाणी सांगतात. ‘मग सांगा,’ बाई ताईला म्हणाल्या.

ताई अडली ती ‘आटपाट’ या पहिल्याच शब्दावर. त्याला हिब्रू काय? ती आमच्याकडे पाहूं लागली. आम्हीं लक्ष ताटांत घातलें. बाई हळूच म्हणाल्या, ‘हायो हाया.’ म्हणजे होता एक होता. त्यांच्या गोष्टींचा आरंभ असा होतो. मग ताई निघाली. श्रीमंत भाऊ, गरीब बहीण, सहस्रभोजन, पंक्तींतून उठवून दिलेली बहीण. शब्द न सुचे तेथें हातांनीं दाखवी. ‘अपमान’ सुचेना, तर उठून तिनें बहिणीचें तें उठणेंच करून दाखविलें. लिंगें चुकलीं, वचनें चुकलीं. आमच्या दोन महिन्यांच्याही नव्हे, तीन आठवड्यांच्या हिब्रूला त्यांतल्या चार चुका तरी कळल्या, आणि त्या न बोलतां गिळतांना आम्हांस किती सायास पडले तें आमचे जुने विद्यार्थीच समजूं शकतील. पुढें बहीण श्रीमंत होते, भाऊ आग्रहानें बोलावतो, आणि ती दागिने काढून एकेका दागिन्यावर एकेक घास ठेवते. हें ऐकतांच बाईंनीं टाळी वाजविली. ‘ही गोष्ट मला ठाऊक आहे! बगदादला तो जुहा होता. फाटक्या कपड्यांत गेला तर हाकलला, चांगला झगा घालून गेला तर बसविला. मग त्यानें झग्याला जेवूं घातलें.’ आणि त्या दोघी एकमेकींचीं वाक्यें तोडीत, पुरीत, बोलतच सुटल्या. बाईंचे कंठ्य उच्चार फार स्वच्छ आहेत. जे ‘ऐन’ आणि ‘हेत’ तरुण लोक बोलतांना गाळतात वा सैल करतात, ते त्यांच्या गळ्यांतून अरबीच्या सवयीनें यथास्थान निघतात. त्या रात्रीं ताईचे ‘ऐन’ही निघूं लागले.

शनिवारीं रात्रीं शब्बात उतरल्यावर आम्हीं घरीं दूरध्वनि केला. मातोश्रींनीं विचारलें, ‘केव्हां निघतां?’ आम्हीं म्हटलें, ‘मी सहा सप्टेंबरला.’ पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ‘बरें,’ एवढेंच आलें.

निघण्यापूर्वीं एक दिवस लोद येथें एका बेने इस्राएल कुटुंबाकडे जाऊन आलों. हे लोक कोंकणांत शतकानुशतकें राहिले. अलिबागजवळ नवगांवास आपलें गलबत फुटलें अशी त्यांची परंपरा आहे. तेल गाळीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. इस्रायलांत आल्यावर यांच्या विवाहाविषयीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढली, तेव्हां यांनीं मोठें आंदोलन केलें व इ.स. १९६४ मध्यें तेथील संसदेकडून आपली बरोबरी मान्य करून घेतली. ताई वर्षभर मुद्दाम तेथें गेली नव्हती. मराठींत बुडालें कीं हिब्रू राहील अशी भीति. दार उघडणाऱ्या आजीबाईंनीं ‘या, बसा. पाणी देऊं?’ म्हटलें आणि आमच्या डोळ्यांस पाणी आलें. त्यांचें नववर्ष जवळ आलें होतें. त्यासाठीं गव्हाच्या चिकाचा हलवा करावयाचा तो नारळाच्या दुधांत, म्हणजे मांसाच्या जेवणानंतरही चालतो. नातू कोपऱ्यांत बसला होता. त्याला आजीचें मराठी समजत होतें, पण उत्तर तो हिब्रूंत देई. ताईनें त्याच्याशीं हिब्रूंत बोलून त्याचें म्हणणें आम्हांस मराठींत सांगितलें. आजीबाई कौतुकानें ऐकत होत्या. मग त्या ताईला म्हणाल्या, ‘याला इचार, माझी भाषा कां बोलत नाय?’ ताईनें विचारलें. मुलगा लाजून म्हणाला, ‘चुकेल म्हणून.’

सहा सप्टेंबरला निघालों. बाईंनीं अंब्याची एक बरणी कागदांत गुंडाळून आमच्या पेटींत घातली. घरीं आल्यावर मातोश्रींनीं ती दूर फडताळांत ठेवावयास सांगितली. परक्या हातचें त्या घेत नाहींत. गणपति आले, गौरी येऊन गेल्या. अनंतचतुर्दशीच्या आदल्या दिवशीं ताईचा दूरध्वनि आला. परीक्षा उतरली होती. लेखी गुण तिच्या नेहमीपेक्षां कमी होते, तोंडी पुष्कळ अधिक. घरांत एकच गलका झाला. मातोश्री कांहीं न बोलतां उठल्या, फडताळांतून बरणी काढली, बोटानें किंचित् चाखली आणि म्हणाल्या,

‘मेथी जास्त पडली आहे. त्या बाईला कळवा.’